मुडदूसची पहिली कॅसेट

चिमणीचं दादाला, ४ मार्च

दादा,

चिमणीचा कानठळ्या बसवणारा नमस्कार. तू पाठवलेल्या कॅसेटी पोचल्या. आई म्हणाली, "परत आलं का ते डुकराचं गाणं?" मी म्हटलं, आई, डुक्कर मागच्या वेळी होतं, या वेळी भट्टीत पडलेला माणूस आहे. ती म्हणाली, मग दार तरी लाव.

तू विचारलंस, मला हे मनापासून आवडतं की नुसती तुझ्या मागे मागे करते. राग आला, पण सांगते. मी शाळेत असताना सुट्टीत तुमच्याकडे आले होते. तू, तुझा तो हाडक्या आणि आणखी दोन केसाळ मित्र खोलीत बसला होता. तुम्ही माझ्या कानाला हेडफोन लावलेत आणि आवाज पूर्ण चढवलात. मी रडत आत्याकडे पळेन अशी तुमची पैज होती. मी पळाले नाही. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते आणि आमच्या घरात सगळे कुजबुजायचे. डॉक्टर कुजबुजायचे, आई कुजबुजायची, बघायला येणारे पाहुणेसुद्धा चोरासारखे यायचे. होईल सगळं ठीक, असं म्हणायचे आणि ठीक काहीच होत नव्हतं. हेडफोनमधला तो माणूस मात्र गळा काढून सांगत होता की काहीही ठीक नाही. दादा, मला इतकं बरं वाटलं! मोठ्या माणसांपैकी त्या एकावरच माझा विश्वास बसला. आधी हेवी मेटल, मग त्याहून कडक थ्रॅश मेटल, मग डेथ मेटल, जसजसं तू पाठवत गेलास तसतशी मी खोल उतरत गेले.

आता दिवसभर बसस्थानकावर माइकसमोर बसून गोड आवाजात "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणते. कंट्रोलर साहेब म्हणतात, माझा आवाज ऐकून उशिरा सुटलेल्या गाडीचे प्रवासीसुद्धा भांडत नाहीत. यंदा मला कायम करणार आहेत. आईने त्यावरच सगळी भिस्त ठेवलीय.

तुमच्या शनिवारच्या कॅसेटी ऐकायच्या बैठकीला मला कधी बोलावणार? कोपऱ्यात बसेन.

तुझी चिमणी

दादाचं चिमणीला, ११ मार्च

चिमणे,

बैठक म्हणजे हळदीकुंकू नाही, कुणालाही आमंत्रण द्यायला. बाई म्हणून नाही म्हणत असं नाही. पण कच्चं मडकं आम्ही आत घेत नाही. मी दिवसभर छापखान्यात मशीनच्या धडधडीत उभा राहतो आणि घरी येऊन पुन्हा याच आवाजात बसतो. तुझं "कृपया लक्ष द्यावे" कुठे आणि हे कुठे. हेडफोनची गोष्ट गोड आहे, पण गोडच आहे.

एकच विचारतो. मुडदूस ऐकलंयस का? त्यांनी स्वतःच रेकॉर्ड करून वाटलेला पहिला डेमो? तो न ऐकता या संगीताबद्दल बोलणं म्हणजे पोहता न येणाऱ्याने काठावरून विहिरीची खोली सांगणं. ऐकला असलास तर बोलू.

दादा

चिमणीचं दादाला, १५ मार्च

दादा,

मुडदूस? ऐकलंय तर! आमच्या डेपोच्या वर्कशॉपमध्ये एक मिस्त्री आहे, त्याच्याकडे तो डेमो आहे. त्यांचा गायक ओरडतो तेव्हा तर असं वाटतं की त्याला कुणीतरी आतून सोलतंय. तुला एवढंच विचारायचं होतं होय! मी उगाच घाबरले होते.

मग येऊ ना बैठकीला?

तुझी चिमणी

दादाचं हाडक्याला, २० मार्च

हाडक्या,

तुझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद करून आधी हे वाच, आणि खुर्चीवर बसून वाच. माझी मामेबहीण आठवते? ती चिमणी, हेडफोनवाली. बैठकीला येते म्हणून मागे लागलीय. आपली जुनी पद्धत वापरली. नसलेल्या बँडचं नाव टाकायचं, "ऐकलंय" म्हणाला की नकली, दाराबाहेर. मागे खोकल्याच्या औषधाला दवाखान्यात गेलो होतो, तिथे भिंतीवर लहान मुलांच्या आजारांचा तक्ता होता. त्यातलं एक नाव उचललं. मुडदूस.

ऐकलंय म्हणते! गायक कसा ओरडतो तेही सांगते! एवढी धडधडीत थाप आपल्यात आजवर कुणी मारली नसेल.

पण लगेच हाकलण्यात मजा नाही. मी तिच्याकडे ती कॅसेटच मागितली आहे. बघू आता बाईसाहेब कुठून पैदा करतात. छापखान्यात शनिवारची पाळी लागल्यापासून मला तिकडे बैठकीला येणं जमत नाही, पण तू तिथे एवढ्यात कुणाकडे बोलू नकोस. पूर्ण शिजू दे, मग सगळ्यांना वाढू.

दादा

चिमणीचं दादाला, १० मे

दादा,

उशीर झाला, रागावू नकोस. मिस्त्री कॅसेट हातची सोडेना. शेवटी त्याच्याकडून ही प्रत काढून घेतली. प्रतीची प्रत आहे, त्यामुळे खरखर फार आहे, तेवढी समजून घे. बँडची माणसं कोण हे मिस्त्रीलाही माहीत नाही म्हणे.

दोन दिवस माझा आवाज पार बसला होता. हवा बदलली ना. आता ठीक आहे.

ऐकलंस की लगेच कळव. खरंच लगेच.

तुझी चिमणी

दादाचं हाडक्याला, १६ मे

हाडक्या,

कॅसेट आली. नसलेल्या बँडची कॅसेट! पोरीने थाप पचवायला अख्खा बँड जन्माला घातला. ड्रम म्हणजे डिझेलचं रिकामं पिंप आहे. गिटारला दोनच तारा असाव्यात, आणि ती बसस्थानकाच्या भोंग्यातून वाजवलीय. तिसऱ्या गाण्यात मागे गाडी मागे घेताना कंडक्टर शिट्टी मारतोय. आणि ओरडणारी ती स्वतः आहे. चिमणी.

मी हसायलाच बसलो होतो. हसू आलं नाही. आपण दोघांनी गॅरेजात वर्षंच्या वर्षं घालवली. आपल्याकडे खरे ड्रम होते, खरा माइक होता, मला तर कमरेपर्यंत केस होते. असा एक ओरडा निघाला का रे आपल्याकडून? माझ्या अंगावर काटा आला, आणि मग असा राग आला की अजून उतरत नाही. फलाट क्रमांक सांगणारी पोरगी! तिला माहीत तरी आहे का तिने काय केलंय? तिला वाटतंय तिने नक्कल केलीय.

सोबत पाठवतो. ऐक आणि परत कर. कुणाला ऐकवू नकोस.

दादा

हाडक्याचं दादाला, २ जून

दादा,

ऐकवली. शनिवारी बैठकीत लावली. मग सगळे एकदम वेडे झाले. आता प्रती कुठे कुठे गेल्यात मलाही सांगता येणार नाही. बँड कोणाचा विचारतात, मी म्हटलं दादाने शोधून काढला. तुझी कॉलर फार ताठ झालीय इथे, येऊन बघ. गाणारा पुरुष आहे असंच सगळे धरून चाललेत.

दोन गोष्टी सांगतो. एक, खेळ पुरे कर. तिला खरं सांग आणि बोलाव. दोन, तिचा गळा. ती सगळं घशातून काढते. माझं आयुष्य फाटलेले स्पीकर ऐकण्यात गेलंय, मला फाटायच्या आधीच कळतं. पोटातून जोर कसा लावायचा, घसा मोकळा कसा ठेवायचा, हे तुला येतं, तू शिकला आहेस. तिला शिकव. तिचं पोट गळ्यावर चालतं, आपलं नाही.

हाडक्या

दादाचं चिमणीला, ९ जून

चिमणे,

मुडदूस पुन्हा ऐकला. बरा आहे. गायक कच्चा आहे, जपून ओरडतो. कुणीतरी लाजाळू माणूस असावा, आई ऐकेल म्हणून भिणारा. ते लोक दुसरा डेमो करतायत असं कानावर आलंय. तो बरा निघाला तर त्यांना पुढे काही आशा आहे.

तो गायक मिस्त्रीच्या माहितीतला निघाला तर माझा एक निरोप दे. पोटातून आवाज काढणारे नाटकवाले असतात. खरा आवाज घशातून येतो. आधी पाणी प्यायचं नाही, घसा कोरडाच हवा. दुखायला लागलं की तिथून पुढे खरं सुरू होतं. तोंडाला रक्ताची चव आली की समजायचं, आता जमतंय. मोठमोठ्यांनी असंच केलंय.

आणि दुसरा डेमो तू मिळवून दिलास तर शनिवारच्या बैठकीला तुझी जागा पक्की. माझ्या शेजारी.

दादा

चिमणीचं दादाला, २८ जून

दादा,

तुझं पत्र माझ्या पर्समध्येच असतं. "माझ्या शेजारी" असं तू लिहिलंयस, आता मागे फिरायचं नाही हं!

निरोप पोचवला. गायक म्हणाला म्हणे, दादाचं बरोबर आहे, मी जपूनच ओरडत होतो. मेहनत चालू आहे असं मिस्त्री सांगतो. सुट्टीच्या दिवशी वर्कशॉप रिकामं असतं, तिथेच कुठेतरी करतात वाटतं.

माझाही घसा सध्या धरलाय. परवा माइकवर "फलाट क्रमांक" म्हटलं आणि समोरचं बाळ भोकाड पसरून रडायला लागलं. कंट्रोलर साहेब म्हणाले, बाई, प्रवाशांना बोलावताय की पिटाळताय? सगळे हसले, मीही हसले. आई सारखी मिठाच्या गुळण्या करायला लावते. साहेब म्हणतात कायम करण्याची ऑर्डर निघायची वेळ आलीय, आवाज सांभाळा.

एक विचारायचं होतं, गायकासाठी. रक्ताची चव आल्यावर थांबायचं की नाही?

तुझी चिमणी

दादाचं चिमणीला, ३ जुलै

चिमणे,

थांबायचं नाही. थांबणारे हौशी असतात.

दादा

चिमणीचं दादाला, ३० ऑगस्ट

दादा,

मुडदूसचा दुसरा डेमो सोबत आहे. चौथं गाणं ऐकताना खोलीत एकटा बस, आणि आवाज पूर्ण चढव. माझं तेवढं ऐक.

आता घरची खबर. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. आवाजाच्या तारांवर गाठी आहेत आणि एक तार फाटली आहे. ऑपरेशन झालं. बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजलं तर म्हणे जास्त ताण पडतो. मी गळ्यात पाटी अडकवून फिरते. पुढे आवाज किती येईल हे ते सांगत नाहीत, नुसते कागदावर काहीतरी लिहीत बसतात. कायम करण्याची ऑर्डर आली होती, पण ती उद्घोषकाच्या जागेसाठी होती, म्हणून परत गेली. साहेब वाईट नाहीत. त्यांनी मला सामान ठेवायच्या खोलीत बसवलंय, तात्पुरतं.

आईला काय कारण सांगू ते कळेना, म्हणून पाटीवर लिहिलं, सर्दी. तिने पाटी पुसून टाकली. ती माझ्याशी बोलत नाही आणि मी कुणाशीच बोलत नाही, त्यामुळे आमचं घर पुन्हा बाबांच्या वेळेसारखं झालंय. मला ते सहन होत नाही, दादा. पण ती कॅसेट लावली की होतं.

शनिवारी येऊ ना? बोलणार नाही, नुसती बसेन.

तुझी चिमणी

हाडक्याचं दादाला, १० सप्टेंबर

दादा,

दुसरी कॅसेट ऐकली. काय बोलू? असं मी ऐकलेलं नाही. बैठकीत एकजण रडला, आणि तो आपल्यातला सगळ्यात दांडगा. त्या मोठ्या हॉलचा मालक दुकानात आला होता, मुडदूसला डिसेंबरमध्ये बोलावतोय. मी म्हटलं दादाला विचारतो. तो म्हणाला, म्हणजे दादाच गातो? मी गप्प बसलो. तू म्हणतोस तर मी गप्पच राहतो.

तिला पोटातून काढायचं शिकवलंस ना? या कॅसेटवर तसं वाटत नाही. तू म्हणाला होतास शिकवतोय. बरं, मी जास्त खोदत नाही. ड्रम मी वाजवतो. पिंपासारखा आवाज काढायला कातडी सैल करावी लागेल.

हाडक्या

चिमणीचं दादाला, ५ नोव्हेंबर

दादा,

माझ्या तीन पत्रांना उत्तर नाही. आत्याला लिहिलं, तर ती म्हणते, त्याची रोज तालीम असते, त्याला वेळ कुठे.

काल सामानाच्या खोलीसमोरच्या भिंतीवर पोस्टर लावलं. मोठ्या अक्षरात मुडदूस. फोटोत मधोमध तू उभा आहेस, मागे हाडक्या. मी आधी खूश झाले. मला वाटलं, दादाला त्यांनी घेतलं! मग आठवलं की त्यांनी म्हणजे कोण.

दादा, कसं सांगू? तुझा काहीतरी गैरसमज झालाय. त्या कॅसेटवर कोण आहे हे तुला कुणी सांगितलं? तिथे तू नाहीस.

चिमणी

दादाचं चिमणीला, १२ नोव्हेंबर

चिमणे,

गैरसमज तुझा झालाय. मुडदूस नावाचा बँड नव्हताच. ते नाव मी काढलं, तुला पारखायला. तू एका दमात म्हणालीस, ऐकलंय तर. तिथेच तुझा निकाल लागला. त्यानंतर तू जे काही केलंस ते थाप झाकायला केलंस, संगीतासाठी नाही. कॅसेट आली तेव्हाच मला कळलं होतं तू आहेस. मिस्त्री म्हणे, गायक म्हणे! पत्रं वाचताना हसून हसून पुरेवाट व्हायची.

आता रडू नकोस. नाव माझं, ओळखी माझ्या, लोकांपर्यंत पोचवलं मी. तू काय केलंस? पिंप बडवलंस आणि गळा घालवलास. गळा ज्याचा त्याने सांभाळायचा असतो, मी काही तुझ्या उशाशी बसलो नव्हतो. आणि लोकांना सांगायचं तर खुशाल सांग. कोण विश्वास ठेवेल? तुला तर आता "फलाट क्रमांक"सुद्धा म्हणता येत नाही.

कार्यक्रमाला यायचं तर ये. दारावर माझं नाव सांग, सोडतील.

दादा

चिमणीचं दादाला, २ डिसेंबर

दादा,

आले होते. दारावर तुझं नाव सांगितलं नाही, रांगेत उभी राहून आले. गर्दी कापत कापत पार पुढे, लोखंडी कठड्यापर्यंत पोचले. तू खाली बघितलंस, माझ्यावरून तुझी नजर गेली आणि पुढे गेली.

तू चांगला गायलास. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या डेमोतली माझी चारही गाणी तू चांगली गायलास. मी आधी डोळे मिटून ऐकत होते. मग उघडले आणि तुझा हात दिसला. तो पोटावर होता. प्रत्येक ओरड्याआधी तुझं पोट भात्यासारखं फुगत होतं आणि ओरडताना आत जात होतं. मान सैल होती. दोन गाण्यांच्या मधे तू बाटलीभर पाणी प्यायलास, घोट घोट, सावकाश. मी गाणं सोडून तुझं पोटच बघत राहिले. तिसऱ्या गाण्यापर्यंत माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नावाची गोष्ट तू मला हसत हसत सांगितलीस, पण ही सांगितली नव्हतीस. मी थांबू का म्हणून विचारलं होतं तुला. तुला सगळं येत होतं आणि तू मला लिहिलंस, थांबायचं नाही.

थाप मारली होती मी, खरंच मारली होती. तेवढ्यासाठी एक थोबाडीत द्यायची होतीस, मी खाल्ली असती. तू फार नीच आहेस, दादा. हे मला ओरडून सांगायचं होतं, म्हणून लिहून सांगते.

चौथ्या गाण्याला सगळा हॉल उसळला. माझ्या शेजारी एक दाढीवाला होता, घरी रंगवलेला मुडदूसचा शर्ट घातलेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला कळलं, त्यालाही कुणीतरी घरात कुजबुजून छळलं असणार. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "या माणसाने दुसऱ्या डेमोच्या वेळी गळा फाडून घेतला होता, रक्त आलं होतं, माहितीये का? याला म्हणतात खरा!" मी मान हलवली. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, आणि दयाळूपणानेच विचारलं, "तुम्ही कुणाबरोबर आलात?"

मी तोंड उघडलं. ऑपरेशननंतर माझा आवाज कागद चुरगळल्यासारखा येतो, शांत खोलीत तोंडाला कान लावला तर कळतो. त्याने कान पुढे केला, मग हसला, आणि मला धक्का लागू नये म्हणून खांद्याला धरून मागे, कुणाच्या तरी बायका उभ्या होत्या तिथे नेऊन सोडलं. त्या कॅसेटवर मी आहे, हे त्याला सांगायला मला ओरडावं लागलं असतं.